दोषी कोण, हे गटावर ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहमदाबादेत १२ जून २०२५ रोजी विमान कोसळून २६० जण गेले. महिन्याने प्राथमिक अहवाल आला आणि बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअॅप गटांवर लगेच एका वैमानिकाला दोषी ठरवून लोक मोकळे झाले.

अहवालात एवढेच आहे: दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’वर (इंधन बंद) गेले आणि सुमारे दहा सेकंदांनी एकेक करून ‘रन’वर (इंधन चालू) परतले. एका वैमानिकाने ‘इंधन का तोडलं’ असे विचारले, दुसऱ्याने ‘मी नाही’ म्हटले. विचारणारा कोण, हे छापलेले नाही.

हा स्विच वर उचलून खाचेबाहेर काढल्याशिवाय हलत नाही, म्हणून संशय हाताकडे जातो, हे मान्य. पण ब्लॅक बॉक्स स्विचची स्थिती टिपतो, हात नाही. लॉक झिजले होते का, वायरिंगमध्ये काही होते का, हे हाती लागलेले भाग उघडूनच कळते. आवाज कोणाचा, हे वेगवेगळ्या माइकच्या नोंदी ऐकून आणि ओळखीच्या माणसांकडून खात्री करून ठरते. मग ध्वनिमुद्रणातला प्रत्येक खटका डेटाच्या घड्याळाशी जुळवायचा. अहमदाबादच्या विमानातल्या पुढच्या भागातील ब्लॅक बॉक्सातून २ तासांचा आवाज आणि ४९ तासांचा डेटा मिळाला. मागच्या भागातला नेहमीच्या पद्धतीने वाचताच आला नाही. हे काम घाईचे नव्हे.

विमान अपघातांच्या चौकशीविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे परिशिष्ट १३ कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाला आणि साक्षीदारांच्या जबाबांना संरक्षण देते, ते कोणाला पाठीशी घालायला नव्हे. ‘नट पुरेसा आवळला गेला नसावा’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकचे नाव उद्या टीव्हीवर झळकणार असेल, तर पुढच्या वेळी तो वकिलाशिवाय तोंड उघडेल का?

मंगळुरूला २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले, तेव्हा बराच राग डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर निघाला. चौकशीत दिसले की विमान धावपट्टीची निम्म्याहून अधिक लांबी ओलांडून टेकले होते आणि सहवैमानिकाने उतरू नका असे बजावले होते.

बेळगावच्या सांबरा विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. उद्या एखादे छोटे विमान उसात उतरले, तर आधी माणसे बाहेर काढा. त्यासाठी लागेल तेवढे सोडून कॉकपिटमधल्या कशालाही हात लावू नका, तुकडे घरी नेऊ नका. फोटो लांबून काढा आणि गटावर टाकण्याऐवजी तपास अधिकाऱ्यांना द्या. शेतात ज्याने प्रत्यक्ष पाहिले, त्याचा जबाब त्याने बातम्या पाहण्याआधी झालेला बरा. टीव्हीवरचा धूर नंतर डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटू लागतो.

– विमान देखभालीच्या कामातले काही वाचक, बेळगाव