‘साठ’ की ‘आठ’? : कानांच्या तपासणीबाबत सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी आरोग्य तपासणीत उंच पट्टीच्या आवाजांची श्रवणचाचणी वयोगटांनुसार सुरू करण्याबाबत.

महोदय,

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, हे वाक्य मी नववीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने; आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक). त्यातला दुसरा आकडा माझ्यापुरता केव्हाच खोटा ठरला होता, हे मात्र मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून आणलेला सिग्नल जनरेटर स्पीकरला जोडून मी आवाजाची पट्टी हळूहळू चढवत होतो. सगळ्यांनी हात वर धरायचे आणि ऐकू येणे थांबले की खाली घ्यायचे, एवढाच नियम होता. १२,००० च्या थोडे पुढे गेल्यावर स्पीकर बंद पडला असे समजून मी तारा हलवू लागलो, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी कानावर हात ठेवून म्हणाली, ‘‘सर, वाजायलंय की अजून. कान टोचायलेत.’’ वर्गातले बहुतेक हात वरच होते. दाराशी गंमत पाहत उभ्या असलेल्या आमच्या शिपायाचा हात तेवढा खाली गेला होता, आणि तो माझ्याच वयाचा होता.

यात आजार काहीच नव्हता. अंतर्कर्णातील शंखासारख्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, बारीक केशपेशींच्या रांगा असतात. उंच पट्टीचे आवाज नळीच्या तोंडाशी टिपले जातात आणि खर्जातले आतल्या टोकाकडे. आवाजाची लाट या नळीतून कशी पुढे सरकते हे उलगडून दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वय वाढते तशी पडझड तोंडाकडून सुरू होते, आणि एकदा गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. म्हणून विशीत १७,००० च्या आसपास असलेली मर्यादा पन्नाशीपर्यंत ढोबळमानाने १२,००० च्या जवळपास उतरते. ही माहिती नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८७६ साली केलेल्या एका छोट्या शिट्टीने लोकांचे कान तपासले होते आणि वयाबरोबर बारीक आवाज ऐकण्याची ताकद घटते, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवले होते. २००५ साली ब्रिटनमध्ये याच गोष्टीचा उपयोग करून दुकानांसमोर घोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना हुसकावणारे, मोठ्यांना न ऐकू येणारे यंत्रही निघाले. तो उपयोग मला मुळीच आवडलेला नाही, पण त्यामागचे विज्ञान खरे आहे. आमच्या लहानपणी काचेच्या मोठ्या नळीच्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ येत असे. आवाज पूर्ण बंद असला तरी शेजारी टीव्ही सुरू आहे हे आम्हा पोरांना ओसरीवरूनच कळायचे आणि वडिलांना वाटायचे की पोरे थापा मारतात.

पण टीव्हीची शीळ गेल्याने कोणाचे काही अडत नाही. अडते ते ही घसरण ८,००० च्या खाली, ४,००० आणि ३,००० पर्यंत येऊन पोहोचते तेव्हा, कारण तिथे आपली भाषा राहते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. स, श, च, त, थ, फ, ख ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात, आणि त्यांतही सर्वांत आधी जातो तो ‘स’. माझे मेहुणे जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षे कामाला होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना ते एकदा माझ्यासोबत औषधाच्या दुकानात आले. दुकानदाराने ‘साठ’ म्हटले, त्यांनी दहाची नोट पुढे केली आणि दोन रुपये परत मिळण्याची वाट पाहत उभे राहिले. दुकानदार हसला, मेहुणे चिडले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘‘आवाज यायलाय की. पर बोललेलं कळंना. आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलायलेत.’’ हे वाक्य मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर आपल्याला ऐकायला मिळेल. त्या दिवशी प्रश्न पैशांचा होता म्हणून हसण्यावारी गेला. तीच चूक गोळ्या ‘सात दिवस’ घ्यायच्या की ‘आठ’, यात झाली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती.

त्यांना मी तालुक्यात भरलेल्या एका आरोग्य शिबिरात घेऊन गेलो. तपासणाऱ्यांनी त्यांच्या मागे उभे राहून नाव विचारले, गाव विचारले. दोन्हींची उत्तरे त्यांनी बरोबर दिली. नंतर ५१२ हर्ट्झचा नादकाटा कानाजवळ धरला, तो त्यांना स्पष्ट ऐकू आला, आणि अर्जावर लिहिले गेले, ‘कान : ठीक’. तपासणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्या हाती जे साधन होते ते त्यांनी नीट वापरले. परंतु ज्या पट्टीत नुकसान झालेले असते त्या पट्टीच्या जवळपासही तो नादकाटा जात नाही. पुढे आम्ही पदरमोड करून छत्रपती संभाजीनगरात ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढला. १,००० हर्ट्झपर्यंत रेषा जवळजवळ सपाट होती, ४,००० वर ती खड्ड्यात पडली होती आणि ८,००० वर पुन्हा थोडी वर आली होती. नुसत्या वयाने गेलेला कान असता तर रेषा उताराने खाली गेली असती. मध्येच पडलेला हा खड्डा गोंगाटाने केलेल्या नुकसानाची खूण आहे. त्या कागदावर त्यांची बावीस वर्षे दिसत होती.

महोदय, मराठवाड्यात असे कान किती असतील याचा अंदाज कामांवरून बांधता येतो. जालन्याच्या लोखंडाच्या गिरण्या, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने, परभणी-हिंगोलीकडच्या जिनिंग मिल, लातूरच्या डाळ मिल, शिवाय केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर आणि मळणीयंत्राशेजारी उभा राहणारा प्रत्येक माणूस. कारखान्यांच्या नियमांनुसार ९० डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, पण शेतातल्या माणसाला तो नियम कोण लावणार? वरातीतल्या डीजेपुढे नाचणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरे तर कोणत्याच हजेरीपटावर नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. तो विषय पोलीस खात्याचा असल्याने येथे वाढवत नाही.

कायद्याच्या बाजूनेही अशा माणसाला थारा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांनी ७० डेसिबल श्रवणहानी असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा असे धरले जाते. माझ्या मेहुण्यांचा कान खालच्या पट्टीत चांगला असल्याने त्यांची सरासरी त्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. त्यांना प्रमाणपत्र मिळावे असा माझा आग्रह नाही. पण ज्याला प्रमाणपत्र लागत नाही त्याचा कान तपासण्याचे कारणच उरत नाही, अशी आज प्रत्यक्षातली स्थिती आहे. सरकारी यंत्रणेत ऑडिओमेट्री (यंत्राने केलेली श्रवणचाचणी) म्हणजे प्रमाणपत्राची चाचणी, असे समीकरण होऊन बसले आहे.

यंत्रणा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात श्रवणदोषही आहे. माझी मागणी एवढीच आहे की या तपासण्यांत ३,०००, ४,०००, ६,००० आणि ८,००० हर्ट्झ या चार पट्ट्यांवर दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत आणि ते ठरावीक वयांना तपासावेत : एकदा दहावीत, म्हणजे कान अजून शाबूत असताना पहिली नोंद होईल, नंतर गोंगाटाच्या कामाला लागताना, चाळिशीत आणि साठीत. पहिल्या नोंदीवर माझा विशेष भर आहे. साठाव्या वर्षी काढलेला एकटा ऑडिओग्राम फारसे बोलत नाही, कारण वयाने किती गेले आणि मिलने किती नेले हे त्यातून पक्के वेगळे काढता येत नाही. निरोगी कानाची श्रवणक्षमता प्रत्येक वयात साधारण किती असते, स्त्री आणि पुरुष यांच्यात किती फरक असतो, याचे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे आणि तुलनेसाठी ते जरूर वापरावे. तरी स्वतःच्या जुन्या नोंदीची सर त्याला येत नाही.

ध्वनिरोधक खोली कोठून आणायची, हा आक्षेप आरोग्य केंद्रांकडून हमखास येईल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. शाळेतला गलका, पंखा, रस्त्यावरचे ट्रक यांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीचा असतो आणि तो खालच्या पट्टीचीच चाचणी बिघडवतो. वरच्या चार पट्ट्या कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर, रविवारच्या रिकाम्या वर्गखोलीत, पंखा बंद करून तपासता येतात. सुटकेसएवढे ऑडिओमीटर त्याला पुरते. त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक आवाज देते की नाही याची तपासणी, मात्र दरवर्षी व्हायला हवे, नाहीतर आपण माणसांचे कान न तपासता हेडफोन तपासत बसू. तालुक्याला एक यंत्र आणि ते चालवणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ दिला, तर तो आळीपाळीने सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फिरू शकेल. निदान करण्यासाठी जिल्हा रुग्णालयातील ऑडिओलॉजिस्ट आहेत. जिथे ते पद रिकामे आहे तिथे आधी ते भरावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी ही विनंती. ‘तुमच्या कानाचे वय ओळखा’ अशा चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात, आणि त्यावरून एखादे ॲप काढून घरोघरी मोहीम राबवावी, असे आपल्याला कोणीतरी सुचवण्याची शक्यता आहे. तसे करू नये. ध्वनिफीत आकाराने लहान करताना साधारण १६,००० च्या वरचा भाग अनेकदा कापलाच जातो, मोबाईलचा स्पीकर त्या पट्टीत एकसारखा वाजत नाही, आणि आवाज पूर्ण वाढवला की तो मूळ शिट्टीबरोबर खालच्या पट्टीची खरखरही काढतो. ती खरखर ऐकून सत्तर वर्षांचे आजोबा ‘मला १७,००० ऐकू आले’ म्हणून खूश होतात. माझ्या वर्गातला प्रयोगही करमणुकीच्याच जातीचा होता, त्याला मी तपासणी म्हणणार नाही.

१०,००० च्या वरची चाचणी खऱ्या अर्थाने लागते ती वेगळ्याच ठिकाणी. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी जंतुसंसर्गावरील इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांमुळे कान गेला, तर तो वरच्या टोकाकडून जाऊ लागतो. रुग्णाला स्वतःला काही जाणवण्याआधी तो तिथे सापडतो आणि डॉक्टरांना औषध बदलता येते का हे पाहायला वेळ मिळतो. मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत १६,००० हर्ट्झपर्यंत तपासणारी यंत्रे द्यावीत आणि अशा रुग्णांची उपचारापूर्वी व उपचारादरम्यान चाचणी बंधनकारक करावी.

शेवटचा मुद्दा पैशांचा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्रही आहे. योजना सामाजिक न्याय विभागाची असली तरी कान तपासणे आपल्या खात्याचे काम आहे. ऑडिओग्राम न काढता बाजारातून आणलेले यंत्र सगळ्याच पट्ट्या सारख्या वाढवते. ज्याच्या खालच्या पट्ट्या चांगल्या आहेत त्याला भांड्यांचा खणखणाट आणि दार आपटल्याचा आवाज डोक्यात घुसल्यासारखा वाटतो, ‘स’ मात्र तरीही नीट ऐकू येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी असे यंत्र दोन दिवस वापरून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवून दिले आहे. नातवंडांनी विचारले की म्हणतात, ‘‘तसलं लावल्यापरीस बहिरं बरं.’’ अनुदान देण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात चाचणी मोफत झाली, तर तेच तीन हजार सत्कारणी लागतील.

दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशीच्या फेऱ्या आणि घोषणांऐवजी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यात ही चाचणी सुरू करावी. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे, मागच्या बाजूची एक खोली ते द्यायला तयार आहेत. नावे लिहून घेण्याचे काम मी करीन. शिबिराचा तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. त्यावर ‘कान’ या शब्दापुढे दीड इंचाची एकच रिकामी ओळ आहे. तिथे दोन कानांच्या चार-चार पट्ट्यांचे आठ चौकोन छापले, तर कागद तेवढाच लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
सेलू, जि. परभणी.