पिणाऱ्याच्या बायको-मुलांकडे कोण बघणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आषाढ सरत आला की गटारीचे बेत आणि मेसेज सुरू होतात. त्याच आठवड्यात आमच्या कोपरखैरण्यात कितीतरी बायका जीव मुठीत धरून असतात.

मी घरी शिकवण्या घेते. आठवीतला एक मुलगा साडेसात वाजले की पुस्तकात नसतोच. रस्ता दिसेल अशीच जागा धरून बसतो. बाबा कसे चालत येताहेत ते बघायचं आणि पळत जाऊन आईला सांगायचं, म्हणजे ती धाकटीला जेवू घालून शेजारी पाठवते. मार्क का घसरले, असं शाळा विचारते. काय सांगेल तो? आई कंपनीत फोन करून 'ह्यांना ताप आहे' म्हणते, उधारी फेडते, वर 'तूच त्याला धाकात ठेवलं नाहीस' हे सासूकडून ऐकून घेते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) ज्यांचे नवरे वारंवार पिऊन येतात, अशा 70 टक्के महिलांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं दिसलं. न पिणाऱ्यांच्या घरांत हे प्रमाण 23 टक्के. तेही कमी नाही म्हणा.

आपण सगळे विचारतो, तो कधी सोडणार? तो तयार होईपर्यंत घरच्यांनी नुसतं सोसायचं का? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अनॉन या मदतगटाच्या सभा तर पिणाऱ्यांच्या नातलगांसाठीच असतात. नवरा अजून पीत असला तरी तिथे जाता येतं. आमच्याकडच्या बायकांना मात्र ठाऊक आहे ती 'न सांगता दारू सोडवा'ची जाहिरात. कसलीशी पावडर गुपचूप आमटीत कालवली जाते. काही औषधांवर दारू पोटात गेली तर जिवावर बेततं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत झोप लागत नाही, डोकं दुखतं म्हणून आलेल्या बाईला 'घरी कुणी पितं का?' एवढं एकांतात विचारावं. मारहाण तर सोडाच, घरखर्चाला पैसे न देणंही 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्यात बसतं आणि 181 या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते, हे तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावं. नातलगांच्या सभेसाठी पालिकेने एखादी खोली द्यावी. फक्त वेळ संध्याकाळची नको, तेव्हा या बायकांना घर सोडता येत नाही. दुपारी, मुलं शाळेत असताना ठेवावी.

– एक वाचक, कोपरखैरणे
(मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)