मॉरिशसला निघण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हो आई, हो आई" करतोस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून लिहून पाठवते आहे. मैत्रेयीलाही वाचायला दे. ती तरी पूर्ण वाचेल.

व्हिसा आधी काढावा लागत नाही. फिरायला येणाऱ्या भारतीयांना तो उतरल्यावर फुकट मिळतो. पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग विचारतात, त्याची कागदावर प्रत ठेव, मोबाईलच्या चार्जिंगच्या भरवशावर राहू नकोस. निघण्याआधी एक फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तोही रात्री विमानतळावर बसून भरू नकोस. विहीणबाई तुमच्याबरोबर शेवटच्या हापूसची पेटी द्यायच्या विचारात आहेत. त्यांना गोडीत सांग, फळं, बिया, रोपं तिथे परवानगीशिवाय नेता येत नाहीत. सिगारेट गुंडाळायचे कागद आणि ते ई-सिगारेट नावाचं प्रकरणही चालत नाही. तू सोडली आहेस म्हणतोस, तरी सांगून ठेवते.

जूनमध्ये तिथे हिवाळा असतो. आपण विषुववृत्ताच्या वर, ते खाली. किनाऱ्यावर बरं असतं, पण क्युरपिप शहर उंचावर आहे, तिथे संध्याकाळी झोंबतं. २०१८ मध्ये आम्ही भजनी मंडळाच्या बायका गेलो होतो, तेव्हा मी शाल घरी ठेवली आणि सहलभर दुसरीची ओढली. एक बरं, चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, तो तुम्हाला लागत नाही.

पैसे रुपयेच, पण त्यांचा रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांचा. नोट हातात आली की नीट बघ, इंग्रजीखाली तमिळ आणि देवनागरी अक्षरं आहेत. १९९८ मध्ये नव्या नोटांवर या दोघांचा क्रम उलटा छापला गेला, तमिळ लोक चिडले आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घे. आम्ही गेलो तेव्हा मेट्रो नव्हती, आता राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत धावते. बस संध्याकाळी लवकर बंद होतात. प्लग तीन चौकोनी पायांचे, क्वचित दोन गोल पायांचेही. पोलिसांना ९९९, ॲम्ब्युलन्सला ११४. एवढं फोनमध्ये भरून ठेव.

आता समुद्र. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं शांत. त्या शांततेला भुलून अनवाणी उतरू नका. तळाशी स्टोनफिश नावाचा मासा दगडासारखा पडून असतो, त्याच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं. पाण्यात चालायचे रबरी बूट मिळतात, ते घ्या. दक्षिणेला ग्री-ग्री म्हणून जागा आहे, तिथे ही भिंत तुटलेली आहे. कड्यावरून बघायचं, पाण्यात जायचं नाही. गुहागरच्या समुद्रात वाढल्याचा रुबाब तिथे दाखवू नकोस. शंख आणि पोवळी उचलून आणायची नाहीत, रोहनने मागितली तरी.

खाण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण हॉटेलातल्या बुफेत पैसे घालवाल. रस्त्यावर काचेच्या पेटीत पिवळ्या पातळ पोळ्या रचलेल्या दिसतील. ती ढॉल पुरी. शिजवून वाटलेली चण्याची डाळ आणि हळद आत भरलेली, म्हणजे गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळीच. विकणारा पोळीवर वालासारख्या मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यांची, चुकले, पांढऱ्या मोठ्या घेवड्याच्या बियांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि हिरव्या मिरचीचं वाटण फासतो, दोन पोळ्या एकत्र गुंडाळतो आणि कागदात देतो. एक मागितलीस तरी दोनच मिळतात, तीच रीत. मी पहिल्या दिवशी "एकच" म्हणून बोट दाखवत राहिले आणि मागे रांग खोळंबली. दुसरा प्रकार गातो पिमा, म्हणजे डाळवडा. तो लोण्याच्या पावात घालून खातात. वडापाव त्यांनाही सुचलाच की. मैत्रेयी शाकाहारी आहे, तेव्हा रुगायमध्ये सुकी मासळी आहे का ते विचारून घ्या.

चामारेलची सात रंगांची माती एकदा बघून घ्या, फोटोत रंग जास्त दिसतात. गंगा तलाव मात्र चुकवू नका. ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, काठावर १०८ फुटी महादेव. महाशिवरात्रीला बेटभरातून माणसं कावडी घेऊन तिथवर चालत येतात.

आणि एक सकाळ आप्रवासी घाटाला ठेव. पोर्ट लुईत बंदराशेजारीच आहे, रविवार टाळ. बघायला तसं काही नाही, काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि जुन्या खोल्यांच्या भिंती. पण १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं इथे गिरमिटाच्या, म्हणजे मजुरीच्या कराराच्या, कागदावर अंगठा देऊन आली. गुलामगिरी १८३५ मध्ये संपणार होती आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून. बरेचसे बिहारकडचे, तिकडे मद्रासकडचे, आणि काही मुंबई बंदरातून चढलेले आपल्या कोकणातले, साताऱ्याकडचे. अनेकांच्या बाबतीत नोंदीतलं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या अजून आहेत, काहींत फोटोसुद्धा.

इथे मला एक कबूल करायचं आहे, तुझ्या बाबांनाही मी कधी सांगितलं नाही. कास्काव्हेल गावाजवळ एका मराठी घरी आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्यात घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली, बोलतात, मराठी उरली ती पूजेत आणि झाकडी नाचाच्या गाण्यांत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, एवढा त्यांचा गणपती पक्का. आरती झाली. सत्तरीच्या पुढच्या आजी म्हणत होत्या आणि एका ओळीत त्यांचा एक शब्द वेगळा पडला. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली मी, राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "आजी, तो शब्द असा आहे." आजी नुसत्या हसल्या आणि नातीशी क्रिओलमध्ये काहीतरी बोलल्या. नातीने इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, मला माझ्या आजीने असंच शिकवलं. बरोबर काय ते विचारायला मागे कोणी राहिलं नव्हतं."

मी प्रसादाची वाटी हातात धरून नुसती उभी राहिले.

ती नात अजून दरवर्षी गणपतीचा फोटो पाठवते. पत्ता आणि नंबर तुला व्हॉट्सॲप केलाय. तुम्ही येणार म्हणून कळवलंही आहे, तेव्हा दमलो वगैरे सांगू नकोस. माझ्या टाळांची जोडी आजींना द्यायची आहे. टॉवेलात गुंडाळून निळ्या बॅगेत ठेवली आहे, ती बॅग चेक-इनला दे, हातात ठेवलीस तर तपासणीत उगाच थांबवतील. जेवायला बसवतील, बसा. आरती म्हणायला लावतील, म्हणा, त्या म्हणतील तशीच म्हणा.

पोचल्यावर फोन कर. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तुमचे साडेनऊ म्हणजे आमचे अकरा, पण मी जागी असेन.

तुझी,
आई