आडवी बाटली, उभी बाटली

ता. साक्री, जि. धुळे
१ मे २०२५

प्रिय कुसुम,
सप्रेम नमस्कार.

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. तू आली नाहीस, त्यामुळे झोक्यावर माझ्यासमोर उभी राहायला कोणी नव्हते आणि आमरसाची तिसरी वाटी घेताना मला टोकणारेही कोणी नव्हते. माझी शुगर आहे तिथेच आहे, जिजींचा गुडघाही आहे तिथेच आहे. आता मुद्द्यावर येते, कारण हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडले आहे.

गेली चार वर्षे मी तुला दर उन्हाळ्यात 'यंदा द्राक्षे चांगली गेली' एवढेच कळवत आले. कुठे गेली, ते कळवले नाही. ती आमच्याच शेडमध्ये जातात, कुसुम. गारपिटीने लागोपाठ दोन वर्षे खाण्याच्या द्राक्षांची बाग झोडपली, तेव्हा घरातल्या पुरुषांनी अर्ध्या बागेत शेनिन ब्लाँ आणि शिराज या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या आणि पुढे मळ्याच्या टोकाला छोटी वाइनरी उभी केली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्या रात्री तू संतापून फोन केला होतास, आठवते? तू बोलत होतीस आणि मी 'खरे आहे गं, अगदी खरे आहे' म्हणत होते. त्या वेळी मी शेडच्या दारातच उभी होते. आत पहिल्या टँकमधला रस आंबत होता, नळीतून बुडबुड आवाज येत होता आणि तो तुला ऐकू जाईल या भीतीने मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेत होते. सरकारचा निर्णय पुढे रखडला, आमचा टँक मात्र रखडला नाही.

तुला न सांगण्याचे कारण तुला सांगायला नकोच. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आपण दोघी घरोघर हिंडलो होतो. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत, हे समजल्यावर तू ती लाल वही केलीस आणि माहेरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, बाळंत झालेल्या अशा एकेकीचे नाव त्यात चढवलेस. (अर्धी नावे मी चढवली होती, हे तू तेव्हाही मान्य केले नव्हतेस.) त्या वहीने माझ्या हाताला जी शिस्त लागली, तिच्या जोरावर मी आता उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवह्या लिहिते. किती किलो द्राक्षे आली, किती लिटर रस निघाला, किती बाटल्या भरल्या, किती फुटल्या, याची नोंद माझ्याच अक्षरात असते आणि तपासणीला येणारे साहेब त्या अक्षराचे कौतुक करतात. हसू नकोस.

या कारखान्यात मला एक गोष्ट फार उशिरा दिसली, ती अशी की यात हात सगळे बायकांचे आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी धाकटी जाऊ उभी राहून करून घेते. वांझ फूट काढणाऱ्या टोळीत एकही पुरुष नाही. तोडणीच्या दिवसांत जिजी निंबाखाली खाट टाकून बसतात आणि प्रत्येक क्रेटमागे एक चिंचोका डब्यात टाकतात. काट्यावरच्या पोराचा आणि त्यांचा आकडा जुळला नाही, तर चूक पोराचीच निघते. मोठी सून धुळ्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, नंतर दोन हंगाम नाशिककडच्या एका वाइनरीत राबली, आणि आता तोडणी कोणत्या दिवशी करायची हे तीच ठरवते. पहाटे बागेत जाऊन ती मणी चिरडते, रसाचा थेंब त्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरते आणि 'अजून दोन ब्रिक्स, आई' म्हणते. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप; चोवीस ब्रिक्सच्या आसपास साखर भरली की यीस्ट तिचे तेरा टक्क्यांच्या आगेमागे अल्कोहोल करते, हे तिने मला इतक्या वेळा समजावले आहे की मी आता ते झोपेतही सांगेन. आंबवण चालू असताना टँकमध्ये जो वायू साचतो त्याने माणूस गुदमरून मरतो, म्हणून तिने एकट्याने झाकण उघडायलाही बंदी केली आहे. दीर आधी हसले, पण तिने त्यांनाही बाहेर काढल्यावर हसणे थांबले. पुतणी बाटल्यांना लेबले लावते आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, त्यात माझा पदर नेहमी अर्धाच येतो.

भागीदारीच्या कागदावर मात्र अण्णा, हे, दीर आणि माझा मुलगा अशी चार नावे आहेत. फाटकावरच्या पाटीत 'आणि बंधू' आहे.

आता झाले असे. गेल्या आठवड्यात पांढऱ्या वाइनच्या बाटल्या भरायच्या होत्या आणि बायका कमी पडल्या, म्हणून जाऊबाईंनी बागेतली टोळी शेडमध्ये बोलावली. त्यात सिंधू होती. चार वर्षे ती आमच्याकडे छाटणी करते, तोडणी करते, क्रेट वाहते. ती दारापर्यंत आली, तिने आत पाहिले आणि चप्पल न काढता तिथेच उभी राहिली. मी वही घेऊन बसले होते. ती मोठ्याने बोलली असती तर बरे झाले असते, पण ती हळूच म्हणाली, "वहिनी, मी द्राक्षं तोडसू, पन बाटलीले हात लावाव नही." मी म्हटले, ही ती दारू नव्हे, सिंधू. तर म्हणाली, "उभीच शे ना ती?" आणि बागेत निघून गेली.

तिच्या नवऱ्याचे शेवटचे वर्ष तू पाहिले आहेस, त्यामुळे मी पुढे लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना दिरांनी सुरत रस्त्यालगत वाइन चाखण्याची खोली काढायचा विषय काढला आणि म्हणाले की तिथे वहिनींनी उभे राहावे. सून बोलायला हुशार आहे, तिला ठेवा, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आडवी बाटलीवाल्या. तुम्ही उभ्या राहिलात तर गावात कोणी तोंड उघडणार नाही." जेवणाऱ्या सगळ्यांना ते कौतुक वाटले. यांनाही वाटले. माझा घास मात्र तोंडात फिरत राहिला. कागदावर माझे नाव नको होते, पण लोकांनी नाव ठेवू नये म्हणून माझे तोंड हवे आहे, हे मला त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की मी उठून ताक आणायला गेले आणि ताक न आणताच परत आले.

सुनेला रात्री हे बोलून दाखवले. तिला माझे दुःख अर्धेच कळले. ती म्हणते, आधी कागदावर नाव घाला म्हणून अडून बसा, मग मीही बसते. तिचे बरोबर आहे, आणि खरे सांगायचे तर तिने केलेल्या शेनिनचा वास मला आवडतो, पिकल्या पेरूसारखा येतो. पण समजा, कागदावर नाव आले. मग सिंधू मला जे म्हणाली ते मालकिणीला म्हटलेले होईल आणि 'हे घरच्या पुरुषांनी ठरवले' ही आडोशाची जागाही जाईल. गेली चार वर्षे मी त्या आडोशालाच बसले आहे, असे मला आता वाटते. तू म्हणशील, नेहमीप्रमाणे हिला निर्णय नको, फक्त घोळवायला विषय हवा. म्हण. वसतिगृहात मेसच्या संपाच्या वेळी तू हेच म्हणाली होतीस आणि तेव्हाही सही शेवटी मीच आधी केली होती.

तुझ्या धाकटीला नोकरी लागल्याचे बेबीकडून कळले, फार आनंद झाला. अमळनेरच्या घराचे छत गळायचे थांबले का? पावसाआधी करून घे.

खोलीचे काम जूनमध्ये सुरू होईल, त्याआधी दोन दिवस ये. शिव्या द्यायच्या असतील तर समोर बसून दे, फोनवर नको. सिंधूला मी अजून उत्तर दिलेले नाही. ती रोज कामाला येते, मला 'राम राम' म्हणते आणि शेडला वळसा घालून जाते. येताना ती लाल वही शोधून आण. सिंधूला मतदानाला मी आणले की तू, यावर आपण दोन वर्षे भांडलो होतो. तिचे नाव कोणाच्या अक्षरात आहे, ते मला पाहायचे आहे.

तुझीच,
शैला