चष्मा शोधून देणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. "माझं नाव कुठे घालू नका हं काकू," असं तुम्हीच बजावलंय. पण दावा मिटला, भरपाई हातात आली, आणि तुमचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दुकानात सांडलेल्या द्रवावरून मी घसरले तेव्हा आजूबाजूला माणसं काही कमी नव्हती. दोघं-तिघं "अरे अरे" म्हणाले, एकानं मोबाइल काढला, एक जण ट्रॉली वळवून पलीकडच्या रांगेत गेला. मॅनेजर आले ते हातात कागद घेऊनच. "काही नाही मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा." मी डावं मनगट पोटाशी धरून फरशीवर बसलेली, चष्मा कुठे उडालाय पत्ता नाही, आणि समोर एक पांढरा धूसर चौकोन.

तुम्ही सरळ फरशीवर पालथ्या झालात, शेल्फखाली हात घालून चष्मा ओढून काढलात, ओढणीनं पुसलात. एक काडी वाकली होती, ती बोटांनी हळूच सरळ केलीत आणि चष्मा माझ्या नाकावर ठेवलात. मॅनेजरांकडे न बघताच म्हणालात, "काकू, आधी वाचा. मग ठरवा."

वाचलं. पडण्याला दुकान जबाबदार नाही आणि मी पुढे काहीही मागणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. फॉर्मॅलिटी म्हणे! मी सही केली नाही. तुम्ही मला बाकी काही शिकवलं नाहीत, सल्ला दिला नाहीत. दिसत नाही तिला आधी दिसू द्या, एवढंच. पण तेवढं सुचायला माणूस असावं लागतं.

मग पोछा घेऊन मुलगा धावत आला, तेव्हा त्याला "एक मिनिट थांब रे" म्हणून तुम्ही फोटो काढलात. त्या फोटोची किंमत मला फार उशिरा कळली. सांडलेल्या द्रवातून ट्रॉलीच्या चाकांचे मळकट पट्टे गेले होते, कडा वाळत आल्या होत्या, आणि 'फरशी ओली आहे' सांगणारी पिवळी पाटी भिंतीला टेकून मिटलेली. म्हणजे ते आत्ताच सांडलेलं नव्हतं. येणारे-जाणारे त्यातून ये-जा करत होते आणि पुसायला कुणी फिरकलं नव्हतं. अशा दाव्यात बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं: सांडून किती वेळ झाला होता, आणि दुकानाला ते कळायला हवं होतं की नाही? माझ्या हातात दुसरं काय होतं? कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं तर "त्यावर नवीन रेकॉर्डिंग झालं" असं उत्तर आलं. लेखी मागणी लगेच केली असती तर ते कदाचित राहिलं असतं, पण हात प्लास्टरमध्ये असताना हे कुणाला सुचतं!

आता थोडं इतरांबद्दल, कारण मनातलं जात नाही. मॅनेजरांनी माझ्या चपलेचा तळ पाहून मान हलवली. विमा कंपनीचे गृहस्थ फोनवर इतके गोड, की आईची आठवण यावी, आणि गप्पांच्या ओघात "चालताना फोन बघत होतात का?" हे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून घेतलं. थोडीशी चूक माझ्याकडून वदवली की तेवढ्या प्रमाणात भरपाई कापता येते, हे मला नंतर कळलं. पहिल्या वकिलांनी तर फाइलही उघडली नाही. "पडण्याच्या केसमध्ये काही नसतं हो."

दुसऱ्या वकीलबाईंनी मात्र मला इंग्लंडमधला एक निकाल सांगितला, १९७६ च्या निकालसंग्रहात छापलेला. सुपरमार्केटात सांडलेल्या दह्यावरून, योगर्टवरून, एक बाई घसरल्या. ते केव्हा सांडलं हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. तरी न्यायालयानं बहुमतानं म्हटलं की फरशी नीट ठेवली तर असं होत नाही, तेव्हा काळजी घेतली होती हे दुकानानंच दाखवावं. गंमत म्हणजे त्याच बाईंनी काही आठवड्यांनी त्याच दुकानात संत्र्याचं सरबत सांडलेलं पाहिलं आणि पाव तास कुणी पुसायला आलं नाही, हेही कोर्टात सांगितलं. (पुन्हा त्याच दुकानात गेल्या, धन्य बाई!) सगळीकडे न्यायालयं असं मानत नाहीत, कित्येक ठिकाणी सिद्ध करण्याचं ओझं पडणाऱ्यावरच असतं. म्हणून तुमचा फोटो कामी आला, आणि त्याहून जास्त म्हणजे रजा टाकून तुम्ही दिलेली साक्ष. "तुम्ही यांच्या कोण?" असं समोरच्या वकिलांनी विचारलं तेव्हा "कुणी नाही" म्हणालात. ते ऐकून मला हसूही आलं आणि रडूही.

जगात चांगली माणसं उरली नाहीत, असं हल्ली जो-तो म्हणतो. मीही म्हणायची. आहेत, फक्त ती मोबाइल काढून उभी नसतात, खाली वाकलेली असतात, म्हणून दिसत नाहीत.

मनगट आता बरं आहे. थंडीत दुखतं, आणि झाकण घट्ट असलं की दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागते. तुमच्या ओढणीवर त्या दिवशी डाग पडला होता, तो निघाला का, हे साक्षीच्या दिवशी विचारायचं राहून गेलं. निघाला नसेल तर सांगा, नवी घेऊ, आणि या खेपेला "कशाला काकू" ऐकून घेणार नाही.

तुमची,
काकू