ओसाड बेट आणि चाळीस पोती खोबरे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ग्रेट निकोबारवरचा लेख वाचला. मांडणी झकास. ७२ हजार कोटींचा बंदर-विमानतळाचा प्रकल्प आला, मलाक्काची सामुद्रधुनी आली, चीन आला, गॅलेथिया खाडीतली समुद्री कासवेही आली. माणसे तेवढी राहून गेली. दुसऱ्याच ओळीत बेट ‘ओसाड’ ठरवल्यावर माणसांना जागा उरणार तरी कुठे म्हणा!

ओसाड बेटावर १९६९ पासून सरकारनेच माजी सैनिकांची कुटुंबे नेऊन बसवली. पंजाबी, तमिळ, मल्याळी, तेलुगू आणि चक्क मराठीसुद्धा. प्रत्येकी सुमारे अकरा एकर जमीन: थोडी भाताला, थोडी बागायतीला, उरलेली घराला. सुमात्रा तिथून साधारण मुंबई-नाशिकएवढ्या अंतरावर आहे, म्हणून तिथे आपली वस्ती हवी, हा हिशेब. २०११ च्या जनगणनेत बेटावर आठ हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली. शोंपेन आणि निकोबारी हे इथले आदिवासी तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीचे. निकोबारींच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पाला दिलेले ना-हरकत पत्र २०२२ मध्येच मागे घेतले. बेट ओसाड असेल तर ही हरकत घेतली कोणी?

असो. हे पत्र त्यासाठी नाही. ‘बंदर झाले की स्थानिकांच्या खोबऱ्याला दारातच जागतिक बाजारपेठ मिळेल’ या एका वाक्यासाठी आहे.

लेखकाने खोबरे फक्त वाटणात पाहिलेले दिसते. वसाहतीतल्या पाच एकरांच्या बागेत माड लागतात साडेतीनशेच्या आसपास. वर्षाला माडामागे चाळीस नारळ धरा, म्हणजे झाले चौदा हजार. त्यातून आधी माकडांचा वाटा वजा करा. उंदरांना अडवायला खोडाला पत्र्याची पट्टी ठोकता येते, माकड मात्र शेजारच्या झावळीवरून उडी मारून येते, आणि कोवळ्या शहाळ्याला एक भोक पाडून टाकून देते. त्याला मारायला कायद्याची बंदी. उरलेल्यांतून दर हजार नारळांमागे खोबरे निघते दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. एका घराची वर्षभराची कमाई साधारण चाळीस पोती.

ती चाळीस पोती तयार कशी होतात? ओल्या खोबऱ्यात निम्मे पाणी असते, ते सहा टक्क्यांवर आणायचे. उन्हात वाळवायचे तर सलग सात-आठ कोरडे दिवस लागतात. निकोबारमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल सोडले तर ही चैन आहे. म्हणून माचाण बांधून खाली सोडणे (नारळाची वरची तंतुमय साले) आणि करवंट्या यांचा मंद जाळ ठेवायचा. जाळ मोठा झाला तर खोबरे वरून कडक आणि आतून ओले राहते. मंद ठेवला आणि सोडणे ओली निघाली तर सगळा माल धुरकट होतो, भाव पडतो. दुसऱ्या दिवशी वाटी करवंटीपासून सुटते, मग ती वेगळी काढून, उलटसुलट करून आणखी दोन-तीन दिवस. तुकडा कटकन मोडला तर झाले, वाकला तर परत माचाणावर.

इथपर्यंत सगळे बागाईतदाराच्या हातात. त्यानंतर पोती जातात धक्क्यावर, आणि खरी बोंब तिथे आहे. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम, आपल्या लेखात दोन्ही नावे आहेत, वाचकांना दोन शहरे वाटली असतील) समुद्रमार्गे पाचशे किलोमीटरहून दूर. मे ते सप्टेंबर वाटेतला टेन डिग्री चॅनल (अंदमान आणि निकोबार यांच्यामधला समुद्र) खवळलेला. नोव्हेंबरनंतर ईशान्येचा वारा आणि कॅम्पबेल बे, म्हणजे बेटाचा आजचा धक्का, पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे लाटा थेट धक्क्यावर. जहाज आज येणार ते चार दिवसांनी येते. आले तरी वाटेतल्या बेटांचा माल आधीच भरलेला. तेवढे दिवस पोती ताडपत्रीखाली. सहा टक्क्यांवर आणलेले खोबरे खाऱ्या दमट हवेतला ओलावा परत ओढून घेते. सात-आठ टक्क्यांच्या वर गेले की आधी राखाडी-हिरवी बुरशी, मग पिवळी, मग तेलाला खवट वास. २०२५ च्या हंगामासाठी घाण्याच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये होता. पण तो ठरलेल्या प्रतीच्या मालाला. बुरशीचा हमीभाव अजून कोणी जाहीर केलेला नाही.

आता आपले जागतिक बंदर. गॅलेथियाला होणार आहे ते ट्रान्सशिपमेंट बंदर. म्हणजे मोठ्या जहाजावरून कंटेनर उतरवायचे, यार्डात रचायचे आणि लहान जहाजावर चढवून पुढे पाठवायचे. डबा बेटावर उघडतच नाही! पहिल्या टप्प्यात वर्षाला वीस फुटी ४० लाख कंटेनर हाताळायचे म्हणतात. आमच्या हिशेबातली चाळीस पोती त्यातल्या एका डब्याच्या कोपऱ्यात मावतील. तो कोपरा भरायला क्रेन थांबणार आहे का? आणि कोलंबोहून आलेले जहाज दोन टन खोबऱ्यासाठी वजनकाटा शोधणार आहे का?

त्या चाळीस पोत्यांना लागते ते फार स्वस्त आहे. धक्क्यावर उंच जोत्याचे, लाकडी फळ्यांवर थप्पी लावता येईल असे बंद गोदाम. वसाहतीत एखादा सामाईक गरम हवेचा ड्रायर. प्रत्येक फेरीत कॅम्पबेल बेच्या मालासाठी राखून ठेवलेली जागा, आणि जहाज लांबले तर ते आदल्या दिवशी कळणे. समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्येच बेटावर पोहोचली, तेव्हा निरोप पोहोचवणे अवघड नसावे. याच जहाजाने परतीला कांदे-बटाटे येतात, चेन्नई किंवा कोलकात्याहून निघून तिसऱ्यांदा चढ-उतार होऊन. त्यामुळे गोदाम दोन्ही बाजूंनी उपयोगाचे. पण ७२ हजार कोटींत गोदाम हा शब्द शोभत नाही, हे मान्य.

जमिनीबद्दल आपण ‘योग्य मोबदला’ एवढ्यावर भागवलेत. विमानतळाचा आराखडा गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूला आहे. २००४ च्या त्सुनामीने तिथलीच कुटुंबे उठवली होती. उंच जातीचा माड धरायला सहा ते आठ वर्षे घेतो आणि पुढे साठ वर्षे देतो. मोबदला ठरवताना माड आजच्या वर्षाचा मोजणार की पुढच्या चाळीस वर्षांचा, हे विचारायला लेखकाला एक ओळ पुरली असती.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. ‘इंदिरा पॉइंटचे आजचे दृश्य’ म्हणून आपण जो दीपस्तंभ छापलात तो कोरड्या जमिनीवर, माडांच्या राईत उभा आहे. २००४ च्या भूकंपात बेटाचे ते दक्षिण टोक सव्वाचार मीटर खचले, आणि तेव्हापासून दीपस्तंभाचा पाया समुद्राच्या पाण्यात आहे. छायाचित्र किमान वीस वर्षे जुने आहे. शेजारच्या नकाशात कॅम्पबेल बे पश्चिम किनाऱ्यावर दाखवला आहे, त्याचीही दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक