एबीएस काढायच्या आधी हे वाच

श्टुटगार्ट
१२ ऑक्टोबर

प्रिय मंग्या,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. हो, मी माझ्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काढला. आणि नाही, तू तुझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयनचा काढायचा नाहीस. फोटोत मोकळी झालेली गाडी बघून तुझ्या डोक्यात ते घोळायला लागलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. फोनवर तू "बरं बरं, कळलं" म्हणतोस आणि संध्याकाळी गाडी गॅरेजला लावून मोकळा होतोस.

माझी गाडी १९९४ ची आर ११०० आरएस. बीएमडब्ल्यूनं मोटरसायकलला एबीएस पहिल्यांदा दिला तो १९८८ साली, के १०० वर, आणि त्याचं वजन अकरा किलोच्या घरात होतं. माझ्या गाडीवर होती ती दुसरी पिढी, टाकीखाली बसवलेली, तीही सात किलोच्या आसपास. आज बॉशचा त्याच कामाचा डबा किलोभरही भरत नाही. काम मात्र तेच. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं, त्याच्यासमोर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून सेन्सर बसवलेला असतो. चाक लॉक व्हायला आलं की माझ्या गाडीच्या डब्यातला पिस्टन मागे सरकायचा, कॅलिपरकडच्या (चाकाशी ब्रेक आवळणाऱ्या भागाकडच्या) तेलाला जागा मिळायची, दाब उतरायचा, चाक पुन्हा फिरायला लागायचं, की परत दाब. हे सगळं लिव्हरवर धडधडत जाणवायचं.

आधीच्या मालकानं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पाणी मुरलं की ऑइलचा उकळबिंदू खाली येतो हे तुला ठाऊकच आहे, पण ते पाणी आतला धातूही खातं. डॅशवरचे एबीएसचे दोन दिवे सतत आलटून-पालटून लुकलुकायला लागले तेव्हा आधी बॅटरी बदलून बघितली. या गाडीत सुरू करताना व्होल्टेज पडलं तरी एबीएस रुसतो. त्यानं फरक पडला नाही. मग असले जुने डबे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं डबा उघडला आणि म्हणाला, आत नख फिरवून बघ. पिस्टन ज्या नळीत सरकतो तिच्या भिंतीवर नखाला अडतील असे गंजाचे खड्डे होते. खाली तेलाच्या वाटेत तपकिरी रवाळ गाळ साचला होता. हे आता सील बदलून टिकणारं काम नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

नुसता दिवा लागत असता तर मी तसाच गाडी चालवत राहिलो असतो, कारण या पिढीत एबीएस बंद पडला तरी साधा ब्रेक लागतो. (पुढे २००१ नंतरच्या काही मॉडेलवर त्यांनी विजेच्या पंपानं दाब वाढवणारा ब्रेक दिला. तिथे पंप थांबला की लिव्हर दाबूनही फार थोडा ब्रेक उरतो. ती गोष्ट निराळी.) माझी भीती त्या गाळाची होती. मास्टर सिलेंडरमधून, म्हणजे लिव्हर दाबला की ऑइल ढकलणाऱ्या नळीतून, निघालेलं ऑइल त्या डब्यातून फिरूनच पुढच्या कॅलिपरांकडे जातं. त्यातला एक रवा नको तिथे अडकला तर काय, हा प्रश्न डोक्यात असताना मी अनघाला मागे बसवून घाटात जाणार नव्हतो. मुद्दा एवढाच आहे, मंग्या. माझा एबीएस मेलेला होता आणि मरताना साध्या ब्रेकलाही ओढत होता. म्हणून काढला.

काढण्याचं काम तसं सरळ आहे. टाकी उतरवली, डबा आणि त्याचे सगळे पाइप काढले. पुढे मास्टर सिलेंडरपासून दोन्ही कॅलिपरांपर्यंत आणि मागे पायाच्या ब्रेकपासून मागच्या कॅलिपरपर्यंत स्टीलच्या जाळीचे नवे पाइप टाकले. प्रत्येक जोडाला नवे तांब्याचे वॉशर, पुस्तकात दिलाय तेवढाच टॉर्क, आणि मग पाइपांतली हवा काढत बसणं. लिव्हर दगडासारखा घट्ट होईपर्यंत मी उठलो नाही. या गाडीचं स्पीडोमीटर केबलवर चालतं, त्यामुळे सेन्सर गेले तरी काटा चालू राहिला.

कागदपत्रांचं काम मात्र सरळ नाही. इथे ब्रेकमध्ये असा बदल करून तसंच रस्त्यावर गेलं तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपते. तपासणी अभियंत्यानं गाडी बघून, चालवून कागदावर नोंद करावी लागते. माझं काम झालं ते दोन कारणांनी. हे मॉडेल कारखान्यातून एबीएसशिवायही मिळत होतं, आणि पुढचा-मागचा ब्रेक मुळातच स्वतंत्र होता. अभियंत्यानं पाइपवरचे छापील नंबर टॉर्चनं वाचून कागदाशी ताडून पाहिले, हँडल दोन्ही टोकांना वळवून पाइप कुठे ताणला जातो का ते बघितलं. मला त्या माणसाचं फार बरं वाटलं. आपलं काम कुणीतरी इतक्या बारकाईनं बघावं असंच ते काम आहे.

आता चालवण्याचं. या गाडीला पुढे टेलिलिव्हर नावाचं सस्पेंशन आहे, म्हणजे ब्रेक मारला तरी नाक फारसं खाली जात नाही. एबीएस असताना ते सुख होतं. आता मात्र वजन पुढच्या चाकावर किती आलंय याचा अंदाज फॉर्क दबण्यावरून येत नाही, तो हाताला लिव्हरमधून घ्यावा लागतो. आधी हलका दाब, टायर जमिनीला बसू द्यायचा, मग आवळत न्यायचं. मोकळ्या मैदानात कोरड्यावर आणि ओल्यावर मी हे घोटून घेतलं. तरीही खरं सांगतो, ओल्या पानांवरून जाताना मला एबीएसची आठवण येते. अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी'नं २०१३ साली मांडलेले आकडे होते, एबीएस असलेल्या मोटरसायकलींच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण तसल्याच बिनएबीएस गाड्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी. हा आकडा मी गाडीवर बसताना विसरत नाही.

तुझ्या हिमालयनचा एबीएस ठणठणीत आहे. कासच्या पुढे खडीवर मागचं चाक अडत नाही, ब्रेक सोडून देतो, ही तुझी तक्रार खरी आहे. कंपनीलाही ती पटली असावी, कारण २०२० च्या बीएस-६ मॉडेलपासून मागचा एबीएस बंद करायचं बटण आलं. तुझी २०१९ ची, त्यात ते नाही. पण वर्षातले किती दिवस तू खडीवर असतोस आणि किती दिवस पावसात यवतेश्वरचा घाट उतरतोस? समोर म्हैस आली की कुणी हलका दाब, मग आवळणं असलं काही करत नाही, सगळेच मूठ आवळतात. त्या क्षणासाठी तो पुढचा एबीएस आहे. शिवाय आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला तो सक्तीचा आहे. काढलास तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलचं) सापडशील आणि उद्या काही झालं तर विमावाले हात वर करतील. खडीवर वेग कमी ठेव, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतर.

हेडलाइटचा उजेड सुधारायचं काम मात्र कर, आणि उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत कर. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, कऱ्हाडच्या रस्त्यावर अंधारात कशा अचानक पुढ्यात येतात ते मी विसरलेलो नाही.

तू मागितलेला जर्मन हेडलाइट पाठवत नाही, रागावू नकोस. इथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे काचेचा डिपरचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो. आपल्याकडे तो बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. एलईडीचा बल्बही त्या हेडलाइटमध्ये कोंबू नकोस. एच-४ या हॅलोजन बल्बसाठीचा रिफ्लेक्टर बल्बमधल्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. उजेडाचा उगम जरा सरकला की झोत विस्कटतो. तुला समोर पांढरंशुभ्र दिसतं, पण लांबवर काही नाही.

मी हॅलोजनच ठेवला आणि वायरिंग सुधारलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, बल्बच्या टोकाला १२.४. बाकीचे जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत खर्ची पडत होते. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्के पडतो. म्हणून अप्परला एक आणि डिपरला एक असे रिले (लहान करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावले, बॅटरीजवळ फ्यूज, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि अर्थिंगची वायरही तितकीच जाड. आता जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, बल्बचा करंट त्यातून जात नाही. त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बचा पिवळटपणा गेला. १०० वॉटचा बल्ब कुणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नकोस, होल्डर वितळतो.

तुझ्या गाडीची वायरिंग त्या मानानं नवी आहे, कदाचित रिलेची गरजही पडणार नाही. म्हणून आधी मोज. इंजिन चालू, डिपर लावलेला, मल्टिमीटरची एक टोकणी बल्बच्या मागे आणि दुसरी त्याच्याच अर्थिंगवर. मग तसंच बॅटरीवर. दोन्ही आकडे मला कळव. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चांगला बल्ब घे आणि नुसती दिशा लाव. रात्री भिंतीपासून दहा मीटरवर तू स्वतः बसून गाडी सरळ धर, डिपरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वहिनी मागे बसणार असतील तर त्यांना बसवूनच लाव, मागे वजन आलं की झोत वर जातो.

फरक जास्त निघाला तर रिलेची आकृती काढून पाठवतो. सामान साताऱ्यात कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, इथून काही मागवू नकोस. आणि एवीतेवी गाडी उघडतोयस तर ब्रेक ऑइल बदलून घे, २०१९ पासून बदललं नसशील याची मला खात्री आहे.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आकडे लवकर कळव.

तुझा,
नंद्या